बघणारं माणूस

मशीन कुठलं चांगलं, ते सगळ्यांनी सांगितलं.
मेडिकलवाला म्हणाला, कॅनडा कॉर्नरला नवं आलंय, जर्मन.
रिक्षावाला म्हणाला, मुंबई नाक्याला जा,
बसायला खुर्च्या बऱ्या आहेत.
साडूंनी द्वारकेचं नाव घेतलं :
दीड हजार कमी पडतात, वर कापडी पिशवी देतात.

मी विचारत होतो, बघतो कोण?

बघतो म्हणजे?
मशीनच बघतं ना.

बत्तीस वर्षं सातपूरला
बॉयलरच्या वेल्डच्या फिल्मा उजेडाच्या पेटीवर धरून बघितल्या मी.
मशीन काही बघत नाही हो, मशीन नुसतं दाखवतं.
केसाएवढी रेघ,
ती भेग की फिल्मवरचा ओरखडा
हे ठरवायला मान अवघडलेला एक माणूस लागतो,
शक्यतो आदल्या रात्री घरी न भांडलेला.

नलूच्या रिपोर्टात होतं :
यकृताच्या उजव्या भागात, अकरा मिलिमीटर,
अनिश्चित स्वरूपाची.
खाली सही. तिच्यातला ‘ग’ तेवढा लागला,
पुढे सगळी रेघच.

अनिश्चित.
आमच्याकडे दोनच शिक्के होते, पास आणि रिजेक्ट.
तिसरा बनवून घ्यायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली,
एक गाडी रस्त्यावरून जाईल तेवढाच वेळ,
आणि पाकिटात भरली.
सेंटरवर काउंटरची मुलगी म्हणाली,
मॅडम पेशंटना भेटत नाहीत, त्या आत असतात.
आत म्हणजे कुठे?
आत.

रविवारी इंदिरानगरच्या गिरणीत
ज्वारीचा डबा घेऊन उभा होतो.
पगारे ओरडला पोऱ्याला,
अरे, गायधनी मॅडमचं आधी घाल,
त्या अंधारात बसणाऱ्या डॉक्टर नाहीत का, त्यांचं.

माझं दळण होऊन गेलं तरी मी थांबलो.

स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या असतील.
उन्हाकडे बघवत नव्हतं त्यांना,
नोव्हेंबरच्या उन्हाकडेसुद्धा.
नलूचं नाव सांगितलं, नलिनी जाधवर, अठ्ठावन्न.
नाही आठवत, म्हणाल्या, दिवसाला साठ असतात.
फिल्म पिशवीत होतीच,
नऊ दिवस मी ती दळणालाही नेत होतो.
गिरणीच्या ट्यूबलाइटखाली धरली त्यांनी,
पीठ उडत होतं, पट्टा फटफटत होता,
आणि चेहरा उजळला,
जुनी शेजारीण एसटी स्टँडवर भेटावी तसा.

“हां, या होय!
डावीकडची बारावी बरगडी आखूड आहे यांची.
जन्माची आहे, काळजीचं काही नाही.
चेहरे मी बघतच नाही हो कुणाचे.”

अडतीस वर्षं झाली लग्नाला.

आणि ती सावली?
“बहुतेक रक्तवाहिन्यांचा गुंता असेल. बहुतेक.
तीन महिन्यांनी परत काढा,
दोन्ही शेजारी ठेवून मीच बघेन.”
दोनदा म्हणाल्या बहुतेक. मी मोजलं.
फिल्मच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचं पीठ उमटलं होतं.
सातपूरला असतो
तर डाग म्हणून फिल्म परत पाठवली असती.

घरी आल्यावर नलूला एवढंच सांगितलं,
सापडलं ते माणूस. आपल्याच गिरणीत दळतं.
ती म्हणाली, मग पीठ एवढं जाड का आलंय आज?

रात्री गार वारं सुटलं.
तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला,
खालून मोजत वर गेलो, चुकलो,
परत पहिल्यापासून.

“काय शोधताय?” झोपेतच म्हणाली.
“बरगडी.”
“आहे ना?”
“आहे. जरा आखूड आहे.”
“मग राहू द्या,” म्हणाली
आणि पांघरूण
सगळं आपल्याकडे ओढून घेतलं.