एक्केचाळीस नंबर

तार्तूच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
हेल्वी कासेमेट्सची रात्रपाळी.
बाहेर उणे सतरा. आत, उंदरांसाठी, बावीस.

एक्केचाळीस नंबरच्या पिंजऱ्यात
दाणे आहेत, पाणी आहे.
उंदीर दाण्यांपासून वीतभरही लांब नाही
आणि उपाशी आहे.
आजारी नाही, रुसलेला नाही, दात शाबूत.
जन्मापासून त्याच्या मेंदूत डोपामीन तेवढं नाही,
म्हणजे आतून
ऊठ, असं म्हणणारं
कुणी नाही.

हेल्वी साखरपाण्याचा थेंब
त्याच्या जिभेवर ठेवते
आणि तो चाटतो! ओठ चाटतो, मग पंजे,
पंजांवर काही उरलं नाही तरी पंजे.
गोड त्याला कळतं. गोड त्याला आवडतं.
दुसऱ्या थेंबाकडे मान मात्र वळत नाही.

रोज एक सुई. सुईनंतर काही तास
तो दाण्यांवर तुटून पडतो, चारचौघांसारखा.
मग औषध ओसरतं.
अर्धा कुरतडलेला दाणा
पंजातच राहतो.
वजन : चौदा पूर्णांक दोन ग्रॅम.
आवडलं, हे लिहायला वहीत रकाना नाही.

घरी एन्डेल.
हातांच्या कंपावर डॉक्टरांनी गोळी दिली,
कॉफी सांडायची थांबली.
पण मार्चपासून तो रात्री उठतो
आणि फ्रीजच्या उजेडात उभा राहून खातो
थंड बटाटे, खारवलेले मासे,
त्यांच्यावरच रासबेरीचा मुरंबा.
"चांगलं लागतंय का?" तिने एकदा विचारलं.
"नाही गं," तो म्हणाला,
आणि चमचा पुन्हा बरणीत.
लाज त्याला वाटत होती. चमच्याला नव्हती.

गोळी बदलू म्हणालेत, पुढच्या सोमवारी.
तोवर फ्रीजला दोरी बांधली आहे.
कुलूप लावणं तिला जमलं नाही,
म्हणून गाठ अशी, की थरथरत्या हातालाही सुटावी.

सहाला पाळी संपते.
नदीकडच्या बेकरीचं दार अजून बंद,
फक्त काळ्या पावाचा वास रस्त्यावर आलेला
आणि हेल्वीचे पाय आधीच वळलेले.
भूक आहे का मला, ती स्वतःला विचारते.
उत्तर यायच्या आत
हातमोजा निघालेला, पाकीट उघडलेलं.

पुलावर पहिला घास.
ती तो जिभेवर नुसता ठेवते,
चावत नाही, चालत नाही,
एक्केचाळीस नंबरला थेंब ठेवते ना, तसा.

मीठ आज जरा जास्तच झालंय.