वार

पाकिटात एवढंच असतं:
साबणाची वडी, एक पातं, नाळेला बांधायचे दोन दोरे,
हातमोज्यांची जोडी
आणि गोणपाटाएवढी प्लास्टिकची चादर.
कसं वापरायचं ते वर चित्रांतून सांगितलंय.
चित्रातल्या बाईच्या मागे भिंत आहे.

आद्रेच्या छावणीत ताडपत्री आहे, काटक्या आहेत
आणि मी, कल्तूमा.
जनीनाच्या इस्पितळात अठरा वर्षं सुईण,
इथे ज्वारीच्या रांगेत चारशे बारावी.

मस्तूरा आली पहाटे, गाढवाच्या गाडीतून,
छावणीच्या पार त्या टोकाहून.
सोबत सासूची बहीण.
सासू सरहद्दीच्या कोरड्या नदीत राहिली,
ती गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक,
कुणी पुन्हा सांगत नाही.

"दीड दिवस झाला कळांना. अडलीय," म्हातारी म्हणाली.
मी हात लावून पाहिलं. अडली नव्हती.
धरून ठेवलं होतं तिनं.
नऊ महिन्यांपूर्वी त्या वाळूत
मिटून घेतलेलं अंग
अजून उघडायला तयार नव्हतं.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे, विचारायचा.
माझ्या पेटीत एक गोळी आहे, ठरल्या तासांत द्यायची.
तिचे तास नदीतच संपले होते.
मी रकाना कोरा ठेवला,
तिच्या पाठीमागे बसले, माझ्या छातीला तिची पाठ टेकवली
आणि म्हटलं, ओरड.
तिथे गप्प राहून वाचलीस ना,
इथे ओरडून वाचायचं.

मग ती ओरडली.
शेजारच्या तंबूतली शेरडं उठली,
पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभ्या बायांनी
घागरी खाली ठेवल्या.

मुलगी.

लोकांना वाटतं, मूल रडलं की झालं.
सुईणीचा जीव वारेत अडकलेला असतो.
दहा मिनिटं. वीस.
गार डब्यातला बर्फ कालच वितळलेला,
इंजेक्शन कोमट. दिलं तरी,
पोट चोळत राहिले, मनात आकडे मोजत.
चादरीवरचं रक्त चादरीच्या कडेला पोचायच्या आत
पडली एकदाची वार,
उलटसुलट करून पाहिली: सबंध.

"मोकळी झाली गं," म्हातारी म्हणाली
आणि आपल्याच शब्दाला दचकून
तंबूच्या दाराकडे बघत बसली.

आमच्याकडे वार उंबऱ्याखाली पुरतात,
मडक्यात, चार दाणे ज्वारीचे घालून,
म्हणजे पोर कुठेही गेलं तरी घरी परततं.
इथे तंबूमागे सिमेंटचा खड्डा आहे, झाकण असलेला,
छावणीच्या सगळ्या वारा त्यातच.
म्हातारीनं ओच्यातून डबा काढला, दुधाच्या भुकटीचा, रिकामा.
"यात दे. सुकवून ठेवीन.
कधीतरी जाऊच की परत."

मस्तूरानं तोवर पोरीकडे पाहिलं नव्हतं.
ताडपत्रीच्या भोकातून येणाऱ्या उजेडाकडे पाहत म्हणाली,
"खड्ड्यात टाक.
नदीपलीकडचं काही नको मला."
मी डब्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.
"ती दे इकडे," मस्तूरा म्हणाली. "ती माझी आहे."

नोंदवहीत लिहिलं:
मुलगी, दोन किलो आठशे. वार पूर्ण.
आणि वार? कुणाला विचारलं तेव्हा कळलं, बुधवार.

सातव्या दिवशी नाव ठेवलं, नदीत राहिलेल्या सासूचं.
म्हातारी तो डबा उपडा करून
त्यावर बसली होती म्हणे.

चाळिसाव्या दिवशी मस्तूरा पुन्हा आली.
पोर पाठीला, म्हातारी बाहेर उन्हात.
हळू आवाजात म्हणाली, "ते तीन महिन्यांचं इंजेक्शन..."
"आणि बाहेर काय सांगू?"
"डोकं दुखतंय म्हण."

लिहिलं: डोकेदुखी.
त्या पानावर तिच्याआधी अकरा डोकेदुख्या होत्या.
परत जाताना म्हातारी माझ्याजवळ थांबली,
तिची बोटं जपमाळेवर फिरत होती.
"माझ्या सुनेचंही," म्हणाली, "डोकं दुखतं.
उद्या पाठवते."