उपरण्याखालचा भाव

माझा धंदा हाताचा.
तोंड पान खायला, आन राम राम म्हणायला.
कंधारच्या बाजारात तेवीस वर्षं हेडीपण केलं,
एक आकडा मोठ्यानं बोललो नाही.

जनावर चालवून बघायचं, दात बघायचे,
मग उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा.
बोट म्हणजे दहा हजार, पेर म्हणजे हजार,
तळव्यावर नख ओढलं की पाचशे.
बघणाऱ्याला दिसायचं नुसतं हलतं कापड,
खाली मांजराचं पिल्लू असल्यागत.

मुखेडच्या खाजामियाँची तर्जनी अर्धी,
बाकीची कडबाकुट्टीनं नेली.
ती आम्ही पाच हजाराला धरायचो.
तो हसायचा, बघ, म्हणायचा,
माझा तोटाबी बाजारात चालतो.

मग तो रोग आला.
चार महिने मैदानात
कुत्री, आणि वाऱ्यानं फिरणारा कडबा.
उघडलं तेव्हा फक्कीनं गोल आखलेले,
एका गोलात एक माणूस, एक जनावर.
जनावराला गोल कळत नव्हता.
रिक्षावरचा भोंगा दिवसभर एकच सांगायचा :
हातात हात घेऊ नका.

उपरणं खांद्यावरून तोंडावर गेलं
आणि हात उघडे पडले.
सहा फुटांवर खाजामियाँ,
शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधून.
मी म्हणालो, बोल.
तो म्हणाला, तू बोल की.
दोघांनाही लाज वाटली,
भर बाजारात कुणी
सदरा काढायला सांगितल्यासारखी.

गोऱ्हा चौत्राबाईचा होता.
लाल कंधारी, चार दाती, कपाळ रुंद.
ती दर साली यायची, कासरा धरून लांब उभी राहायची.
परक्याच्या उपरण्याखाली बाईनं हात कसा घालावा?
तिचा दीर व्यंकटी घालायचा, माझ्या हातात.
मग तिच्याजवळ जाऊन सांगायचा, एकतीस झाले वैनी.
ती मान हलवायची.

त्रेचाळीस, खाजामियाँ कापडातून बोलला.
ऐकू गेलं नाही म्हणून परत, ओरडून :
त्रेचाळीस!
शेजारच्या गोलांनी माना वळवल्या.
चौत्राबाईनंही.

ती लगेच काही बोलली नाही.
गोऱ्ह्याच्या वशिंडावरून हात फिरवला.
मग व्यंकटीला विचारलं, हळूच,
गेल्या साली ह्याचा भाऊ दिला,
तवा किती बोटं होती?

भोंगा म्हणाला, हात स्वच्छ धुवा.

व्यंकटीनं माझ्याकडं बघितलं.
मी फक्कीच्या रेघेकडं.
त्या एकतिसात आणि खऱ्या आकड्यात
सातशे माझे होते.

सत्तेचाळीस, ती म्हणाली, कुणाकडंच न बघता,
न्हाईतर कासरा सोडत न्हाई.
पंचेचाळीसला जमलं.
नोटा तिनं स्वतः मोजल्या,
थुंकी न लावता,
बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात बोट बुडवून,
दोनदा. दुसऱ्यांदा माझ्यासमोर.

आता रोग गेला. गोल खुरांनी पुसले.
उपरणं परत खांद्यावर,
खाजामियाँचं अर्धं बोट परत माझ्या मुठीत.
पहिल्यांदा धरलं त्या दिवशी
भाव राहिला बाजूला,
आम्ही तसेच उभे होतो जरा वेळ.
त्याच्या घरातले दोघं गेले होते.
ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही.

पण चौत्राबाई येते
तेव्हा सहा फूट अजून तिच्या पायाशी असतात.
व्यंकटी आता येत नाही.
दुसऱ्या दोघी येतात, एक पेठवडजची,
दुसरीचं नाव मला अजून ठाऊक नाही,
तिची म्हैस मात्र ओळखतो.
तिथूनच बोला, म्हणतात.

मी घसा खाकरतो.
आकडा ओठावर यायच्या आत
माझी बोटं, सवयीनं,
रिकाम्या हवेत
कुणाचं तरी पेर दाबून
मोकळी झालेली असतात.