टोपण

उणे सव्वीस.
अशा थंडीत मार्करची शाई गोठते,
म्हणून तो काखेत धरून उभं राहायचं,
ताप बघतात तसं.
हे कुणी शिकवत नाही. विनिपेगमधल्या थिएटरामागच्या गल्लीत
एकवीस हिवाळे काढले की येतं.

मागचं दार लोखंडी. आतलं वाजणं
बाहेर फक्त तळपायांना कळतं.
ते थांबलं की मी पिशवीतून रेकॉर्डी काढतो. पाच.
सहा कधीच नाही. सहावीला
सही करणाऱ्याची नजर बदलते.

ओडेट लाव्हाले फिडलची पेटी काखोटीला मारून बाहेर यायची.
"पुन्हा तू," ती म्हणायची.
"पुन्हा मी."
एवढीच ओळख.

तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं.
रात्री अकराला सही, बाराला फोटो,
सकाळी ओसाकाहून कुणीतरी बोली लावलेली.
मी लाजलो नाही. रेल्वे यार्डातली नोकरी गेली होती,
गुडघे गेले होते,
घरभाडं तेवढं जागच्या जागी.

एके वर्षी तिने डाव टाकला.
"नाव काय तुझं? घालते."
मी दिलं नाही. नाव पडलं की भाव पडला:
अमक्यास सप्रेम, आणि किंमत निम्मी.
मग ती मनाला येतील ती नावं घालू लागली.
ग्वेनेथला. बार्नबीला. माझ्या दंतवैद्याला.
सेल्कर्कच्या फाट्यावर माझं सँडविच पळवणाऱ्या कुत्र्याला.
मी तिच्यासमोर हसलो नाही. बसमध्ये हसलो.
कुत्र्याची रेकॉर्ड सगळ्यांत महाग गेली,
लांब कुठे नाही, नदीपलीकडे, सेंट बॉनिफेसला.
पार्सलवर माझं नाव-पत्ता नीट लिहून
टपालात टाकली. विसरलो.

मग तिचा हात.
आधी आडनावाची शेपटी लांबली,
मग पहिला ओ मिटेनासा झाला,
झोपेत तोंड उघडं राहिलेल्या माणसासारखा.
त्या रात्री मार्कर तिने माझ्यापुढे धरला, मी टोपण काढलं.
पाच सह्यांना अकरा मिनिटं.
गाडीवाला हॉर्न देत होता.
चौथीपाशी मी म्हणालो, पुरे.
"तू मोजून आणतोस," ती म्हणाली, "मी मोजून देते."

चार विकल्या. चारही परत आल्या.
खोटी सही. थरथर आहे.
खऱ्याचा हात वाहतो म्हणे,
थरथरतो तो नक्कल करणाऱ्याचा.
ब्रेमेनच्या माणसाने तर तज्ज्ञाचा कागदच जोडला होता,
आणि ताडून बघायला एक जुनी, अस्सल सही.
तीही मीच विकलेली.

पैसे परत केले.
साक्षीला कोण होतं? मी.
एकवीस वर्षं जिच्या नावावर जेवलो
तिच्या बाजूने माझी साक्ष कोण धरणार.
तरी एकदा लिहायला बसलो:
खरी आहे. मी समोर होतो.
तिच्या तोंडची वाफ रेकॉर्डवर बसत होती
आणि ती बाहीने पुसून पुढचं अक्षर काढत होती.
मग खोडलं. जे विकायचं नाही
त्याचं वर्णन कशाला.

पाचवी मी विकायला काढलीच नव्हती.
सहीच्या वर काहीतरी गिचमिड होतं,
म्हटलं, असेल आणखी एखादा कुत्रा.
काल पुसायला घेतली, खिडकीशी तिरपी धरली
तर अक्षरं एकेक करून उठली:
ओरेस्टला.

आता त्या दारातून दुसरेच येतात. चांगले वाजवतात.
मार्कर त्या रात्री तिच्याकडेच राहिला,
टोपण माझ्या कोटाच्या खिशात आहे.
तो केव्हाच सुकला असेल.