शेवटची अंघोळ

उद्यमनगरातून शिकलगार मिस्त्री आले
स्कूटरला पत्र्याचं नळकांडं आडवं बांधून,
आणि चप्पल काढता काढता म्हणाले,
"घरात शेवटी अंघोळ कोण करतंय?"

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

आधी हे, साडेसहाच्या गारगोटी गाडीसाठी.
मग मामंजी. मग शार्दूल.
मग गार्गी, आरशासकट.
मग मी, कपड्यांची बादली घेऊन, कडी लावून,
चौघांनी वापरून उरलेल्या हवेत.

गुरुवारी केस धुतले की डोकं ठणकायचं.
पित्त, म्हणाले सगळे.
आमसुलाचं पाणी झालं, मोरावळा झाला,
गंगावेशीतल्या वैद्यांच्या पुड्या झाल्या.
एकदा मोरीतच बसले भिंत धरून,
तर नणंद म्हणाली, झेपत नाही तर उपास धरतेस कशाला?

मिस्त्रींनी उदबत्ती मागितली.
देव्हाऱ्यातली दिली, अर्धी जळलेली.
गिझर पेटवून त्यांनी ती वरच्या टोपीपाशी धरली.
धूर वर निघाला,
अडला,
आणि माघारी आला, माझ्या तोंडाच्या उंचीवर.

"सिलिंडरच्या गॅसला वास घातलेला असतोय, ताई.
ह्याला न्हाई.
माणसाला नुसती झोप आल्यागत हुतंय."

नळकांड्याचं तोंड माळ्यावर निघालं,
नणंदेच्या मालकांनी दिवाळीत फुकट बसवलेलं.
तिथेच जुना बंब पडलाय.
तो परसात पेटायचा, डोळ्यांत जायचा,
पण निदान कळायचा.
"नजरंआड केला म्हंजे घराभाईर गेला, असं नस्तंय,"
मिस्त्री शिडीवरून म्हणाले, कुणाला उद्देशून कोण जाणे.

झरोक्याचा पुठ्ठा त्यांनी उचकटला.
मीच लावला होता, कबुतरांसाठी
आणि समोरच्या गच्चीसाठी.
जाळी ठोकली, तिरक्या पट्ट्या बसवल्या.
गिझर मागच्या बोळात, उघड्यावर.
नळकांडं सरळ, वळचणीच्या वर हातभर.
पुन्हा उदबत्ती:
कुणी वरून हाक मारल्यासारखा गेला धूर.

हे म्हणाले, साडेआठशे जास्त नाही झाले?
मी माझ्या डब्यातून दिले.

आता मोरीत वारा येतो. गार्गी कुरकुरते.
मी अजून शेवटीच जाते, तेवढं काही बदललं नाही.
फक्त डोकं, गुरुवारीसुद्धा, माझं असतं.

पहाटे दुधाला निघाले की भिंती बघत जाते.
इंगवल्यांच्या मोरीतून वाफ येते,
नळकांडं कुठंच दिसत नाही.
गटारीवरून दोन वर्षं बोलणं बंद आमचं.

आज किटली पायरीवर ठेवली, कडी वाजवली.
सून आली, ओल्या केसांची,
कपाळावर बामाचा वास.

"तुमच्यात," मी म्हणाले,
"शेवटी कोण..."