केसभर

ब्लायनाऊच्या शेडमध्ये, पाटीच्या दगडाच्या छपराखाली
तुमची एरिएल.
किक मारली की पाय खाली जातो, चिखलात जावा तसा.
कुणी अडवत नाही.

इद्वल म्हणाला, प्लग काढ, भोकावर अंगठा धर.
धरला. इंजिनाने नुसता उसासा सोडला.
गेज चाळीसवर अडलं.
मग चमचाभर तेल सिलिंडरात:
आकडा चढला तर रिंगा झिजल्या,
नाही चढला तर झडप.

बेचाळीस.

"हेड उतरवावं लागणार, नेरिस."
तो पान्हे शोधत होता तेव्हा मला दिसली
हँडलखालची ती चिमुकली तरफ,
डिकम्प्रेसरची. केबल ताठ,
नट पार शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेला.
म्हणजे झडप उघडीच, केसभर.

तुम्हीच आवळलात ना?
त्या हिवाळ्यात, गुडघ्याचं ऑपरेशन नको म्हणून भांडलात,
आणि रोज संध्याकाळी इथे किक मारत राहिलात.
आम्ही स्वयंपाकघरातून ऐकायचो, हसायचो,
सुरू का होत नाही म्हणून.
सुरू कुठे करायची होती?
पाय खाली गेला, की झालं.

दोन आटे सैल केले.
आता किक अर्ध्यात थांबते, दगडासारखी.
"मार," इद्वल म्हणतो.
मारते.
थांब जरा.