कोपर

वितेब्स्कमध्ये पाटी वाचता येण्याची कुणाला गरज नव्हती.
बेकरीवर पाव असे, चांभाराकडे बूट,
मासळीवाल्याच्या दारावर हेरिंग, एका डोळ्यानं बघणारा.
सगळं माझ्या वडिलांच्या हातचं.
नोखेमचा पाव खऱ्यापेक्षा ताजा, असं लोक म्हणत
आणि एकोणीसच्या हिवाळ्यात
ते अगदीच खरं झालं.

पुढल्या सप्टेंबरात कलाशाळेतून तैस्या आली,
वीस वर्षांची, पायात दोन वेगळे बूट,
बाहीवर काळ्या कापडाचा चौकोन शिवलेला.
आईनं दारातच विचारलं,
"कुणी वारलं का गं तुझं?"
"हो," ती म्हणाली, "सगळ्या वस्तू."
आईनं तिला स्टूल दिलं
आणि बटाट्याच्या सालींचं सूप.
वस्तू वारल्या होत्या,
तरी वाडगा तिनं चाटूनपुसून परत केला.

काम होतं ट्राम डेपोच्या भिंतीचं.
आधी चुना. त्यावर लाल वर्तुळ, पिवळी पट्टी,
मधोमध, माणसाहून उंच, काळा चौरस.
वडिलांनी दोरी ताणली, ओळंबा सोडला, गुण्या लावला.
"पोरी, तुझा एक कोपरा ढळलाय."
"ढळू दे, काका. नाहीतर तो उडणार कसा?"
"चौकोन उडतो?"
"आणि तुमचा पाव? तो कुणाचं पोट भरतो?"

तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.
घरी येऊन म्हणाले, या नव्या कलेला
आपला कोपरापासून नमस्कार.
दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले.
मजुरी हेरिंगमध्ये मिळत होती.

मी बादली धरायला जाई.
एका म्हातारीनं भिंतीसमोर रांग लावली.
काय मिळतं तिला ठाऊक नव्हतं.
तिच्यामागे आणखी अकराजण उभे राहिले.
तास गेला. वडील शिडीवरून खाली बघेनात.

काजळीत कालवायचं जवसाचं तेल
आई बाटलीवर खूण करून ठेवी,
कारण लेइझर त्यात बोट बुडवून चाखायचा.
नऊ वर्षांचा होता. खूण रोज थोडी खोटी ठरायची.

आमचं कुटुंब तेव्हा चौकोनी होतं.
ऑक्टोबरात टायफसनं एक कोपरा नेला.
तेलाची बाटली
खुणेवरच थांबली.

आईनं त्याची काळी विजार उसवली.
शिडीवर टेकून टेकून
वडिलांच्या कोटाचा उजवा कोपर फाटला होता.
तिथं तिनं ठिगळ लावलं, रात्री, दिव्याशिवाय.
एक कड तिरकी गेली.

सकाळी डेपोपाशी विद्यार्थ्यांचं टोळकं होतं.
त्यांना तो काळा चौकोन दिसला. टोप्या उंचावल्या:
"साथी नोखेम! तुम्हीपण आमच्यातले!"
मला वाटलं, आता सांगतील,
की हे गुडघ्यावरचं कापड आहे,
पोरानं अंगणात रांगून रांगून झिजवलेलं.
त्यांनी हात वर केला,
कोपर उजेडात येईल असा.

तैस्यानं तेवढी टोपी काढली नाही.
ती टाक्यांकडे बघत राहिली.
मग पुढे येऊन शिडी धरली,
दिवसभर.

त्या दिवशी चौरसावर दुसरा हात फिरला.
ढळलेल्या कोपऱ्याशी वडील थांबले.
मी गुण्या वर केला, त्यांनी घेतला नाही.
"राहू दे त्याला," म्हणाले.

पुढे दुकानं उघडली. पाव आला.
बेकरीवाल्यानं जुनी पाटी नव्यानं रंगवायला बोलावलं.
कवच असं खरपूस, की बघून दात शिवशिवावेत.
फक्त पावाखालची सावली
सपाट, काळी, एका बाजूनं कललेली.
बेकरीवाला मान वाकडी करून म्हणाला,
"ही सावली काही पावाची वाटत नाही."
"नाहीच," वडील म्हणाले,
आणि ब्रश पुसायला
खिशातून फडकं काढलं.